नंबर आला नाही म्हणजे काय? रंगवलेल्या मिनिएचरच्या स्पर्धेविषयी थोडं



नेहमीच्या चाचण्या, नोंदी आणि अध्ययन निष्पत्ती आज बाजूला ठेवून जरा वेगळा विषय घेते. वेगळा म्हणजे अगदीच परका नाही, पुढे वाचाल तसं लक्षात येईल.

माझी मावसबहीण अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला छोटे सैनिक रंगवायचा नाद आहे. त्यांच्या जवळच्या गावात दरवर्षी छंदप्रेमींचं प्रदर्शन भरतं, त्यात मुलांचा गट असतो. पहिल्या वर्षी त्याने एक सैनिक ठेवला आणि दुसरा नंबर आला. घरी आनंदीआनंद! पुढच्या वर्षी त्याने चार महिने खपून एक घोडेस्वार रंगवला, आधीच्यापेक्षा कितीतरी सरस, आणि नंबरच आला नाही. पोरगं रडलं. बहिणीचा मला फोन, "ताई, तू शिक्षिका आहेस, तूच सांग. मेहनत वाढली आणि नंबर गेला, हे त्याला समजावू कसं? पुन्हा पाठवू की नको?"

मी एकच विचारलं, दोन्ही वर्षी मुलांच्या गटात किती जण होते? पहिल्या वर्षी दोन. दुसऱ्या वर्षी सात.

बघा, उत्तर तिथेच होतं. पण तेवढं सांगून मुलाचं समाधान होत नाही आणि आईचंही होत नाही. म्हणून मी या स्पर्धांचे नियम वाचायला बसले, रविवारी रविवारी व्हिडिओ कॉलवर भाच्याबरोबर त्याच्या मूर्ती पाहिल्या. माझं माहेर पेण तालुक्यातलं, गणपतीच्या कारखान्यांच्या गावातलं. रंगकाम पाहतच मोठी झाले, त्याचा उपयोग झाला. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. आपले बरेच वाचक परदेशात मुलांना वाढवत आहेत, त्यांना थेट उपयोग होईल. आणि इथे दिवाळीत किल्ला स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांनाही.

मिनिएचर म्हणजे नेमकं काय

हा शब्द ऐकला की आपल्याला राजस्थानी किंवा पहाडी लघुचित्रं आठवतात. तो विषय निराळा. इथे मिनिएचर म्हणजे धातूची, प्लॅस्टिकची किंवा रेझिनची एक ते तीन इंचांची मूर्ती, बिनरंगाची मिळते. बहुतेक वेळा सुट्या भागांत मिळते. ती साफ करायची, जोडायची आणि ब्रशने रंगवायची. साचा दुसऱ्याचा, रंगकाम आपलं. आपल्याकडे कच्च्या मूर्ती आणून रंगवणारे असतात ना, साधारण तसंच.

युरोपात हा छंद फार जुना आहे. 1893 मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागल्याने ते स्वस्त झाले आणि घरोघर गेले. त्यांची उंची साधारण 54 मिलिमीटर असायची, आणि आजही ऐतिहासिक सैनिक रंगवणाऱ्यांमध्ये 54 मिलिमीटर हे माप चालतं. 1913 मध्ये एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने अशा सैनिकांच्या लुटुपुटुच्या लढाईचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिलं. पुढे 1983 मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने 'वॉरहॅमर' हा खेळ आणला. त्यातले योद्धे कल्पनेतले, आणि माप आणखी लहान, माणसाची आकृती साधारण 28 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या करंगळीच्या दोन पेरांएवढा माणूस. त्याचं डोकं तीन-चार मिलिमीटरचं, आणि त्यात डोळे काढायचे!

अशा मूर्ती रंगवणाऱ्यांची प्रदर्शनं भरतात आणि तिथे स्पर्धा असतात. आता मुख्य मुद्दा.

स्पर्धा दोन जातीच्या असतात

पहिली जात आपल्या ओळखीची. गट ठरलेले, प्रत्येक गटात पहिला, दुसरा, तिसरा. गेम्स वर्कशॉपची 'गोल्डन डेमन' ही स्पर्धा या जातीची, 1987 पासूनची. एकटी मूर्ती, तुकडी, वाहन, देखावा असे गट असतात. प्रत्येक गटात सोनं, चांदी, कांस्य. आणि सगळ्या विजेत्यांतून जी मूर्ती सर्वांत श्रेष्ठ ठरेल तिच्या रंगाऱ्याला 'स्लेअर स्वोर्ड' नावाची तलवार, खरीखुरी, हातात धरायची. फक्त त्या कंपनीच्याच मूर्ती तिथे चालतात. प्लॅस्टिकची विमानं, रणगाडे करणाऱ्यांची आयपीएमएस नावाची मोठी संघटना आहे, ती 1963 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. तिच्या अमेरिकेतल्या शाखेच्या राष्ट्रीय स्पर्धेतही परंपरेने पहिला-दुसरा-तिसरा हीच पद्धत होती.

दुसरी जात म्हणजे खुली पद्धत. अमेरिकेत तिला शिकागो पद्धत असंही म्हणतात, कारण शिकागोच्या लघुसैनिक मंडळाच्या प्रदर्शनातून ती रुळली. शेप पेन नावाचे शिकागोचे एक नामवंत कारागीर होते, 2015 मध्ये वारले. लहान लहान देखावे कसे उभारावेत यावरचं त्यांचं 1980 चं पुस्तक या छंदातली माणसं अजून वापरतात. ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इथे एका मूर्तीची दुसऱ्या मूर्तीशी तुलनाच करायची नाही. परीक्षकांच्या डोक्यात दर्जाच्या पायऱ्या असतात. तुमचं काम ज्या पायरीवर बसेल ते पदक तुम्हाला. सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि त्याखाली प्रशस्तिपत्र. वीस जणांचं काम सुवर्णाच्या तोडीचं असेल तर वीस सुवर्णपदकं. एकाचंही नसेल तर सुवर्ण कुणालाच नाही.

माझ्या बहिणीला हे पटकन कळेना. मग मी म्हटलं, "अगं, आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली होती, आठवतंय?" कला संचालनालयाची चित्रकला ग्रेड परीक्षा. तिथे वर्गातल्या दहा मुलींना ए ग्रेड मिळाली म्हणून तुझी ए ग्रेड कमी होत नाही. आणि सगळ्या शाळेत तूच एकटी परीक्षेला बसलीस म्हणून ए ग्रेड आपोआप मिळत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातली रांगोळी स्पर्धा मात्र नंबराची. तिथे तिघीच उतरल्या तर तिसरीलाही बक्षीस. दोन्ही आपण केलेलं आहे, फक्त त्यातला फरक कधी मुलांना सांगितला नाही.

म्हणजे भाच्याचा पहिल्या वर्षीचा दुसरा नंबर हा दोघांतला दुसरा होता. त्यातून त्याच्या कामाबद्दल काहीच कळलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या हुकलेल्या नंबरातूनही काही कळलं नाही. तो सातांत चौथा होता की सातवा, आणि का, हे कागदावर कुठेच नव्हतं. शिक्षक म्हणून मला हे जास्त लागलं. आपण आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी का लिहितो? कारण नुसत्या श्रेणीवरून मुलाने उद्या काय करायचं ते कळत नाही म्हणून.

नंबराच्या स्पर्धा वाईट असं मला म्हणायचं नाही. चुरस असते, मजा असते, मोठ्यांना तर त्याचीच ओढ असते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाची सुरुवात कुठल्या स्पर्धेने करायची हे आईवडिलांच्या हातात आहे. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात दर्जाच्या स्पर्धेने करावी. अर्ज भरण्याआधी आयोजकांना एवढंच विचारायचं, निकाल नंबराने लावता की खुल्या पद्धतीने?

शिकागो पद्धतीत आणखी एक गंमत आहे. तुम्ही एकाच विभागात चार मूर्ती मांडल्या तर चौघींना वेगवेगळी पदकं मिळत नाहीत. परीक्षक तुमची सगळी मांडणी पाहतात आणि त्यातल्या उत्तम कामाच्या दर्जाप्रमाणे एक पदक देतात. बाकीच्या मूर्तींमुळे नुकसान होत नाही. मुलांसाठी हे किती चांगलं आहे! जुनी, थोडी कच्ची मूर्ती शेजारी ठेवली तरी चालते, उलट प्रगती दिसते.

विभाग निवडताना मात्र डोकं लावावं लागतं. एक विभाग फक्त रंगाऱ्यांचा असतो. मूर्ती जशी विकत मिळते तशीच, परीक्षण मुख्यतः रंगकामाचं. दुसरा खुला विभाग, त्यात मूर्तीत बदल करणं, हात-पाय वळवणं, स्वतः घडवणं, देखावा उभारणं हे सगळं मोजलं जातं. कल्पनेतल्या योद्ध्यांचा आणि रणगाड्यांसारख्या वाहनांचा विभाग निराळा. मुलांना वाटतं, आपण तलवार बदलून भाला लावलाय, मग खुल्यात जाऊ. पण तिथे तो भाला कसा बसवलाय, सांधा दिसतोय का, हेही पाहिलं जाणार. रंगकाम चांगलं आणि जोडकाम जेमतेम असेल तर रंगाऱ्यांचा विभाग बरा.

परीक्षक काय बघतात

इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरा अभ्यास हाच आहे.

परीक्षकाच्या हातात टॉर्च असते. मूर्तीला हात लावत नाहीत, पण वाकून, खालून, मागून बघतात. पहिली गोष्ट बघतात ती रंग नव्हे. साच्याची रेघ बघतात. दोन अर्धे साचे जिथे मिळतात तिथे मूर्तीवर बारीक शीर उठते. डोक्यावरून, खांद्यावरून, पायाच्या कडेने ती जाते. कोऱ्या मूर्तीवर दिसत नाही, पण रंग चढला की उठून दिसते. नखाने चाचपून शोधायची आणि बारीक कानशीने किंवा ब्लेडच्या पाठीने खरवडायची. भाच्याच्या घोडेस्वाराच्या टोपीवरून अशी रेघ सरळ गेली होती. रंग इतका छान आणि टोपीवर भांग पाडल्यासारखी रेघ!

पेणला आमच्याकडेही रंगाच्या आधीचं काम महत्त्वाचं. मूर्ती सुकली की पॉलिश पेपर मारून, भेगा बुजवून मगच रंगाला घ्यायची. कारखान्यातले जुने कारागीर म्हणतात की रंग झाकत नाही, दाखवतो. मिनिएचरच्या बाबतीत हे शंभर टक्के लागू. रेझिनची मूर्ती असेल तर आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट पदार्थ तिच्यावर असतो आणि रंग धरत नाही. मग अस्तर, म्हणजे प्रायमर. पातळ, एकसारखं.

दुसरी गोष्ट, रंग किती पातळ लावलाय. मुलं ट्यूबमधला किंवा बाटलीतला रंग तसाच लावतात. मूर्तीवर कोरलेल्या बारीक घड्या, बटणं, बोटांमधल्या फटी सगळं बुजून जातं. ॲक्रिलिक रंगात पाणी घालून साधारण दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यायचे. पहिला हात डागाळ दिसतो, मुलं घाबरतात आणि पुन्हा जाड लावतात. तिथे मोठ्यांनी फक्त "सुकू दे" म्हणायचं. रंग ताटलीत लवकर वाळतो, त्यावर सोपा उपाय आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. तासन्‌तास ओला राहतो.

ब्रश किती बारीक हवा, असं सगळे विचारतात. फार बारीक नको. टोक चांगलं हवं. एक नंबरचा चांगला ब्रश तीन केसांच्या ब्रशपेक्षा बरा, कारण बारीक ब्रशवरचा रंग मूर्तीपर्यंत पोचेतो वाळतो. रंग ब्रशच्या पत्र्याच्या कडीत शिरू द्यायचा नाही, नाहीतर टोक फाटतं.

तिसरी गोष्ट जरा समजून घ्यायची आहे, आणि मुलांना विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. खऱ्या माणसाच्या सदऱ्याला घडी पडली की घडीच्या आत सावली पडते. घडी चांगली दोन-तीन इंच खोल असते. मूर्तीवर तीच घडी एक मिलिमीटर खोल. खोलीतला प्रकाश तिथे सगळीकडून पोचतो, खोल सावली पडतच नाही. म्हणून सगळा सदरा एकाच निळ्या रंगाने नीट रंगवला तरी तो माणूस वाटत नाही, प्लॅस्टिकचं खेळणं वाटतं. मग रंगाऱ्याने काय करायचं? जी सावली पडायला हवी होती ती रंगाने काढायची, आणि जो उजेड पडायला हवा होता तोही. घडीच्या तळाशी गडद निळा, मधे निळा, घडीच्या कडेवर फिका निळा. आणि ही छटा पायरीपायरीने बदलायला हवी, मधे पट्टा दिसता कामा नये. त्यासाठी अगदी पाण्यासारखा पातळ रंग पुन्हा पुन्हा चढवतात. परीक्षक बहुतेक इथेच कांस्य आणि रौप्य वेगळं करतात असं मला नियम आणि जुने निकाल बघून वाटलं.

उजेड कुठून येतोय हे आधी ठरवायला हवं. बहुधा वरून. मग टोपीचा वरचा भाग, खांदे, नाकाचा शेंडा उजळ, आणि हनुवटीखाली, काखेत, पायांच्या मधे गडद. घोड्याच्या पाठीवर उजेड आणि पायावर मात्र समोरून उजेड, असं चालत नाही. ठरवायला सोपी युक्ती अशी की अस्तर लावलेली मूर्ती टेबलावर ठेवायची, खोली अंधारी करायची, वरून एकच टॉर्च धरायची आणि मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढायचे. फोटो समोर ठेवून रंगवायचं. हा प्रयोग मी आमच्या चौथीच्या मुलांबरोबर मातीच्या मावळ्यावर केला, मुलांनी पुढचा तास सोडलाच नाही.

काही स्पर्धक धातूचा चमकता रंग न वापरता, साध्या करड्या-पांढऱ्या-काळ्या छटांनी तलवार अशी रंगवतात की ती चकाकते आहे असं वाटतं. मोठ्या स्पर्धांत याचं फार कौतुक होतं. मुलांनी त्याच्या मागे लागू नये असं माझं मत. चंदेरी रंग लावा, त्यावर पातळ काळा सोडा, कडांना पुन्हा चंदेरी ओढा. व्यवस्थित दिसतं.

आणि चेहरा. माणूस माणसाकडे बघताना आधी डोळे बघतो, परीक्षकही माणूसच. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांचं काम, ज्याला आम्ही आखणी म्हणतो, ते कुणाच्याही हाती देत नाहीत. बाकी सगळं रंगकाम दहा हातांतून होईल, आखणीचा माणूस ठरलेला. मिनिएचरमध्ये तो माणूस तुम्हीच. 54 मिलिमीटरच्या मूर्तीचा डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. तिथे नवशिके पांढऱ्यावर मधोमध काळा ठिपका देतात, आणि सैनिक भूत बघितल्यासारखा दिसतो. कारण आपल्याला खऱ्या माणसाच्या बुबुळाच्या वर पांढरं दिसत नाही, वरची पापणी ते झाकते. म्हणून बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं काढायचं, आणि सैनिक थोडा एका बाजूला बघतोय असं केलं तर दोन्ही डोळे जुळवणं सोपं जातं. पांढराही शुभ्र नको, किंचित मळका घ्यायचा. डोळे आधी काढायचे, मग भोवतीची कातडी रंगवून चुका झाकायच्या. उलट क्रमाने केलं की सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो. 28 मिलिमीटरच्या मूर्तीला मुलांनी डोळे न काढता खोबणीत गडद तपकिरी सोडला तरी लांबून डोळेच वाटतात.

शेवटी पायाखालची जमीन. मूर्ती ज्यावर उभी आहे तो तुकडा कथेचा भाग असतो. बर्फात उभ्या सैनिकाच्या बुटांना चिखल? राखाडी खडकावर हिरवंगार गवत? परीक्षक हसतात. जमिनीच्या रंगाची थोडी धूळ बुटांवर आणि झग्याच्या कडेवर आली की मूर्ती तिथलीच वाटते. खाली लाकडाचा साधा ठोकळा हवा, कडा स्वच्छ. ठोकळ्यावर सांडलेला रंग पाहून, हे काम घाईत संपवलंय, असं परीक्षकाला लगेच कळतं.

आईबाबांसाठी दोन शब्द

काम स्पर्धकाचं स्वतःचं हवं, हा नियम जवळजवळ सगळीकडे असतो. आता आपण किल्ला स्पर्धेत काय बघतो ते मी सांगायला नको. बुरूज बाबांनी बांधलेला, मावळे विकतचे, आणि पोरगं बाजूला उभं राहून पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणतंय! परीक्षकाने "हा दरवाजा इथे का ठेवलास?" विचारलं की बाबांकडे बघतंय. मिनिएचरच्या मुलांच्या गटातही अनुभवी परीक्षकाला हात ओळखू येतो. मुलाच्या हाताची रेघ आणि मोठ्याच्या हाताची रेघ एकाच मूर्तीवर असली तर ती लपत नाही.

मात्र काही कामं मोठ्यांनीच करायची. ब्लेडचं काम मोठ्यांनी किंवा त्यांच्या देखत. रेझिन घासताना उडणारी भुकटी छातीत जाऊ नये म्हणून पाण्यात बुडवून घासायचं, वर मास्क लावायचा. स्प्रेचं अस्तर घराबाहेर, मोकळ्या हवेत. फेविक्विकसारख्या गोंदाची बाटली मुलाच्या हाती एकट्याला नको. जुन्या बाजारातून आणलेले धातूचे सैनिक शिशाचे असू शकतात, ते लहान मुलांनी हाताळू नयेत. आणि ब्रशला टोक काढायला तो तोंडात धरायची सवय, ही पहिल्या दिवसापासून मोडायची.

नेणं आणि मांडणं

चार महिन्यांचं काम गाडीतल्या अर्ध्या तासात मोडतं. मूर्ती कापसात गुंडाळू नका, कापसाचे धागे भाल्यात, तलवारीत अडकतात आणि रंग ओला राहिला असेल तर चिकटतात. उत्तम उपाय म्हणजे मूर्तीला काही टेकूच द्यायचं नाही. ठोकळ्याच्या तळाला लोहचुंबक लावायचं आणि पत्र्याच्या डब्यात उभी करायची. आपला जुना बिस्किटांचा डबा त्यासाठी झकास. बरोबर गोंद, एक ब्रश आणि वापरलेल्या दोन-तीन रंगांच्या बाटल्या ठेवायच्या, टेबलावर मांडताना टवका उडाला तर लगेच बसवता येतो.

वेळेत पोचायचं. नोंदणी बंद झाली की मूर्ती कितीही सुंदर असो, ती फक्त पाहण्यापुरती. अर्जावर मूर्तीचं नाव, विभाग आणि स्पर्धकाचा क्रमांक नीट भरायचा. बऱ्याच ठिकाणी मूर्तीशेजारी स्पर्धकाचं नाव दिसता कामा नये असा नियम असतो, तो आधी वाचायचा. ऐतिहासिक सैनिक असेल तर कुठली पलटण, कुठलं साल, एवढी दोन ओळींची चिठ्ठी शेजारी ठेवली की परीक्षकाला गणवेश तपासता येतो. लांबलचक गोष्ट लिहून ठेवायची नाही. मूर्तीला जे सांगता आलं नाही ते कागदाने सांगून पदक मिळत नाही.

आणि निकालानंतर लगेच सामान बांधून निघायचं नाही. परीक्षण संपल्यावर परीक्षक बहुतेक वेळा हॉलमध्येच असतात, आणि विचारलं तर बोलतात. मुलाने स्वतः जाऊन विचारायचं, आईने नव्हे. "मला पदक का नाही?" असं नाही विचारायचं, "माझ्या मूर्तीत आधी काय सुधारू?" असं विचारायचं. भाच्याकडून मी हे वाक्य इंग्रजीत तीनदा म्हणून घेतलं होतं.

गेल्या शरद ऋतूत बहिणीने त्याला खुल्या पद्धतीच्या प्रदर्शनात नेलं. तोच घोडेस्वार, टोपीवरची रेघ काढून आणि चेहरा पुन्हा रंगवून. प्रशस्तिपत्र मिळालं, म्हणजे कांस्याच्या खालची पायरी. एका आजोबा परीक्षकांनी त्याला टेबलाशी नेऊन टॉर्चने घोड्याच्या पोटाखाली उजेड पाडला. तिथे अस्तराचा करडा रंग तसाच होता, आणि खोगिराचा पट्टा पोटापर्यंत येऊन अचानक संपला होता. चेहरा मात्र कांस्याचा आहे, असं ते म्हणाले. गाडीत बसल्या बसल्या पोराने मला फोन केला, "मावशी, पट्टा खालून पूर्ण करायचा राहिला गं!" बहीण मागून म्हणत होती, आधी जेवायला काय घेऊ ते सांग.

आमच्या शाळेत गेल्या दिवाळीपासून किल्ला स्पर्धेचा तक्ता आम्ही बदलला आहे. पहिला-दुसरा-तिसरा ठेवलाय, कारण गावाला तो हवा असतो आणि बक्षिसं देणाऱ्यांनाही. पण त्याच्या जोडीला प्रत्येक किल्ल्याला दर्जा देतो आणि प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर तीन ओळी असतात, काय चांगलं जमलं, काय राहिलं, पुढच्या वर्षी आधी काय करायचं. निकष पाचच ठेवलेत. बांधणी पक्की आहे का, गडाचा नकाशा खऱ्या गडाशी जुळतो का, मापं एकमेकांशी जुळतात का, म्हणजे मावळा दरवाजापेक्षा उंच नको, रंगकाम, आणि काम मुलांनी स्वतः केलंय का. ज्यांना हा तक्ता हवा असेल त्यांनी जरूर मागून घ्यावा. चिठ्ठ्या लिहायला वेळ लागतो हे खरं, एका संध्याकाळी पंधरा किल्ल्यांपुढे आमची दमछाक होते. परीक्षक म्हणून एक निवृत्त चित्रकला शिक्षक येतात आणि गावातले एक मूर्तिकार. शिक्षक नकाशावर बोलतात. मूर्तिकार काका गुडघ्यावर बसून एकेक मावळा उचलतात, त्याचे डोळे बघतात आणि मुलाला विचारतात, "हा नेमका कुणाकडे बघतोय रे?"